दोन मोटरी आणि मधली भिंत

गांगुर्डे सरांनी मला फसवलं. दूध संघानं गांगुर्डे सरांना फसवलं. यातली पहिली फसवणूक मी कधीच सोडून दिली, कारण ती करताना सरांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की त्यांच्यावर जास्त दिवस चिडून राहणं जमलं नाही; आणि चिडून राहण्यात मी कच्चा नाही, हे नाशिकच्या बाजारात कुणालाही विचारा. दुसरी फसवणूक मी सोडलेली नाही. हे लिहितो आहे ते तिच्यासाठीच. पण ज्याला फसवलं तो माणूस काय चीज होता हे कळल्याशिवाय फसवणूक केवढी होती ते कळायचं नाही. म्हणून आधी माणूस.

सर तंत्रनिकेतनात विजेची यंत्रं शिकवत. उंच, हाडकुळे, मान जराशी पुढे. शर्टाच्या खिशात पेन असो नसो, टेस्टर असायचाच. नव्या घरात पाऊल टाकलं की लोक भिंतीवरचे फोटो बघतात, सर आधी मेन स्विच बघायचे. लग्नाच्या मांडवात लोखंडी खुर्चीवर बसण्याआधी तिला टेस्टर लावायचे. एकदा एका खुर्चीत खरंच करंट निघाला. त्यानंतर बरेच दिवस सरांना कुणी हसू शकलं नाही, आणि ते दिवस त्यांनी पुरेपूर वसूल केले.

आमची ओळख आणीबाणी उठली त्या सुमाराची. माझं भद्रकालीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, नवी भरायची, असा तो धंदा. नांदगावहून रिकाम्या हातानं आलो होतो आणि घासाघीस करत करत उभा राहिलो होतो. माझ्याशी भाव ठरवून हसत बाहेर पडलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. सर तंत्रनिकेतनाची एक मोटर हातगाडीवर घालून आले. मी भाव सांगितला. ते म्हणाले, "ठीक."

गिऱ्हाईकानं पहिल्याच भावाला ठीक म्हटलं की दुकानदार आपलाच भाव मनात पुन्हा मोजायला लागतो. कमी सांगितला की काय? मी त्याच विचारात होतो तेवढ्यात त्यांनी स्टूल ओढलं.

"आता सांगा, निकमशेठ. ही परत कशी जळेल?"

"जळणार नाही सर. गॅरंटी."

"न जळणारी मोटर अजून कुणी केलेली नाही. सुरुवात कुठून होईल ते सांगा. आणि मरताना एकटी मरेल की शेजारणीला घेऊन मरेल?"

"शेजारीण कोण?"

"शेजारची कॉइल."

"सर, बोहनीची वेळ आहे. मरणाचं काय बोलता?"

"बरं, बोहनी झाल्यावर बोलू," असं म्हणून ते तिथंच बसून राहिले. कोपऱ्यात जळक्या मोटरी पडलेल्या होत्या, त्या एकेक उघडून, दवाखान्यात नातेवाइकाच्या खाटेशी बसावं तसे त्यांच्यापाशी बसले. ही एक फेज गेल्यावर तशीच ओढत राहिली म्हणून मेली. हिचं बेअरिंग गेलं. हिला पाण्यानं मारलं. माझं पहिलं गिऱ्हाईक आलं ते हे सगळं ऐकून दुसऱ्या दुकानात गेलं.

भावावर त्यांनी कधी घासाघीस केली नाही. पण बिघाडावर ते जी घासाघीस करायचे ती मी मी म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला जमली नसती. "चालू असताना काय करते ते मला सांगू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. "चालू असताना सगळेच चांगले. बिघडल्यावर काय करते ते सांगा." हे वाक्य ते मोटरीपुरतं ठेवत नसत. त्यांच्या पुतणीला बघायला एक मुलगा आला. बँकेत नोकरी, घर स्वतःचं, निर्व्यसनी. सगळं सांगून झाल्यावर सर म्हणाले, "हे झालं चालू असतानाचं. भाजीत मीठ नसलं तर काय करता?" मुलगा म्हणाला, "काही नाही, गप्प बसतो." सरांनी स्थळ नाकारलं. पुढच्यानं सांगितलं, "बोंबलतो, मग मीठ घालून घेतो." त्याच्याशी लग्न लागलं.

यामागे त्यांचा एक सिद्धांत होता. बिघाड दोन जातीचे, उघडा आणि छुपा. उघडा बरा, तो आवाज करतो, धूर काढतो, मग माणूस धावत येतो. छुपा आत बसून पोखरतो. माझ्याबद्दल ते चारचौघांत म्हणायचे, "निकमांचा राग हा उघडा फॉल्ट आहे. भिण्याचं कारण नाही. फ्यूज लगेच उडतो." मी चिडायचो. ते लोकांना म्हणायचे, "बघा."

दोन वस्तू शेजारी ठेवून तुलना केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. तंत्रनिकेतनासमोर चहाच्या दोन टपऱ्या होत्या. एकीचा चहा नाशकात नावाजलेला. सर जायचे दुसरीकडे, तिथला चहा पाणचट. मी कारण विचारलं. म्हणाले, "एकदा दोघांचंही दूध नासलं. त्यानं टपरी बंद केली. यानं लिंबू पिळून काळा चहा विकला. नासल्यावरही लंगडत का होईना चालला, तो खरा चहावाला." तत्त्वासाठी ते पाणचट चहा पीत राहिले. मी मात्र समोरच्या टपरीवर बसून त्यांच्याशी रस्त्यावरून बोलायचो.

सिद्धांत अंगाशी यायचा तेव्हा त्यांच्या घरच्यांचे हाल व्हायचे. नांदगावला त्यांच्या मेहुण्याचं लग्न होतं. सरांनी बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एका एसटीत बसवलं आणि स्वतः दुसऱ्या एसटीनं निघाले. एक बंद पडली तर दुसरी पोचेल, लग्नाला घरचं कुणीतरी असेल. आहेरही वाटून घेतला होता. नवरदेवाचे कपडे यांच्या पिशवीत, नवरीची साडी वहिनींच्या. म्हणजे एक गाडी गेली तरी निम्मा आहेर पोचतो. चांदवडच्या अलीकडे कांद्याचा ट्रक रस्त्यात आडवा झाला होता. त्याच्यामागे वहिनींची एसटी उभी होती. थोड्या वेळानं तिच्यामागे सरांची येऊन उभी राहिली. सर खाली उतरून पुढे गेले, तर वहिनी खिडकीत बसलेल्या.

"या," वहिनी म्हणाल्या. "आता कुणाला पाठवायचं लग्नाला?"

सर रस्त्यावर पसरलेल्या कांद्यांकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "चूक झाली. गाड्या दोन घेतल्या, रस्ता एकच ठेवला."

"मग मनमाडवरून रेल्वेनं जायचं होतं एकानं."

"हो ना," सर म्हणाले. "तेच सुचलं नाही."

हा किस्सा वहिनी सांगायच्या तेव्हा सरांना लाजल्यासारखं व्हायला हवं होतं. उलट ते मध्ये बोलून ट्रक कसा पडला होता ते हातानं दाखवायचे. वर्गातही सांगायचे. दोन म्हणजे दोन नव्हेत, हे पोरांना त्या कांद्याच्या ट्रकावरून कळलं तेवढं पुस्तकातून कधी कळलं नसेल. "दोघांचा बाप एकच असेल," ते म्हणायचे, "तर ती दोन नाहीत, एकच आहे. मोजताना फक्त दोन दिसतात."

त्यांच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात वैशाख पौर्णिमेला रोषणाई असायची. त्या काळी आमच्याकडे विजेच्या तीन तारांपैकी, म्हणजे फेजांपैकी, एखादी जाणं म्हणजे रोजचंच. मांडवाची एक अख्खी बाजू अंधारात जायची, त्या बाजूची पोरं शिट्ट्या मारायची, वक्ता थांबायचा. एका वर्षी सरांनी रोषणाई अंगावर घेतली. सगळे एका ओळीला एक फेज देतात. यांनी प्रत्येक ओळीत दिवे आळीपाळीनं तिन्ही फेजवर टाकले. वायरमन शिव्या देत काम करत होता. मी तार पुरवली होती, म्हणून मीही गेलो होतो. भाषण ऐन रंगात आलं आणि फेज गेली. प्रत्येक ओळीतला दर तिसरा दिवा विझला. मांडव जरासा मंद झाला, एवढंच. वक्ता बोलत राहिला, बायका पोरांना भरवत राहिल्या, कुणी मान वर करून पाहिलं नाही. सर मागच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी माझा दंड धरला.

"पाहिलंत?"

"पाहिलं सर. एक नंबर."

"कुणालाच कळलं नाही."

"तेच तर तुम्हाला हवं होतं ना?"

"हो, पण..." ते मांडवावरून नजर फिरवत राहिले. "एकाला तरी कळायला हवं होतं हो." मग म्हणाले, "आणि हे वाईटच आहे. कळलं नाही म्हणजे उद्या कुणी दुरुस्त करणार नाही. दुसरी फेज जाईपर्यंत चाललंय असंच वाटणार." पुढच्या वर्षी त्यांनी फेज गेली की वाजणारी घंटा बसवली. ती प्रार्थनेच्या मध्यात वाजली. त्याच्या पुढच्या वर्षी रोषणाई दुसऱ्याकडे गेली.

आता संघाचं. दूध संघाचं वणीकडे एक शीतकरण केंद्र होतं. वणीच्या आजूबाजूचं आणि वरच्या डोंगरातल्या पाड्यांचं दूध तिथं यायचं, गार व्हायचं आणि मग टँकरनं नाशिकला. गार करणारं यंत्र एकाच मोठ्या मोटरीवर चाले, आणि उन्हाळ्यात ती मोटर हमखास जळे. मग दूध नासे. संघानं ठरवलं की एक बिघाड झाला तरी काम थांबणार नाही अशी काहीतरी व्यवस्था करायची. दोन पर्याय पुढं आले. पहिला, दोन साध्या मोटरी आणि दोन यंत्रं, प्रत्येकीवर निम्मं काम. दुसरा पर्याय सरांचा स्वतःचा, बरीच वर्षं डोक्यात घोळत असलेला. मोटर एकच, पण तिच्या पोटात तारेचे दोन वेगळे संच, प्रत्येकाला वेगळा स्विच. एक संच गेला तर त्याचा स्विच काढायचा, म्हणजे बंद करायचा, दुसऱ्यावर मोटर निम्म्या ताकदीनं चालत राहते. लंगडत, पण चालते.

साध्या मोटरीत एका खाचेत दोन कॉइली पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात. "एका खोलीत दोन बिऱ्हाडं," सर म्हणायचे. "एकानं स्टो पेटवला की दुसऱ्याची साडी जळते." त्यांच्या मोटरीत एका खाचेत एकच बिऱ्हाड. ती भरताना माझ्या कारागिरांनी माझ्या देखत सरांचा उद्धार केला. मी करू दिला. मोटर माझ्या दुकानात, माझ्या खर्चानं तयार झाली, कारण हिशेब सरळ होता. दोन पर्यायांची तुलना करून निकाल द्यायला संघानं तज्ज्ञ म्हणून नेमले ते गांगुर्डे सर. ज्याचं पोर त्याच्याच हातात मार्क. हे पास झालं की संघाच्या सगळ्या केंद्रांना मोटरी मी देणार. सातपूरला शेडसाठी जागा बघून ठेवली होती.

प्रात्यक्षिक संघाच्या नाशिकच्या कचेरीत, मागच्या पडवीत झालं. अध्यक्ष, ज्यांना सगळे नाना म्हणत, मॅनेजर कुलथे, संचालक मंडळी, सगळे लांब टेबलाभोवती. मोटर चालू केली. सरांनी चालत्या मोटरीच्या एका संचाची तार काढून टाकली. मोटरीचा आवाज खाली उतरला, आणि ती फिरत राहिली.

"वा," नाना म्हणाले.

चहा आला. मी सरांकडे बघितलं. इथं थांबायचं होतं. कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता.

"तार तुटली तर काय होतं ते पाहिलंत," सर म्हणाले. "तार क्वचित तुटते. नेहमी जे होतं ते आता बघू."

दोन दिवस आधी त्यांनी माझ्याकडून एका कॉइलमधून दोन टोकं बाहेर काढून घेतली होती. मला वाटलं होतं मोजमापासाठी असतील. त्यांनी ती टोकं एकमेकांना जोडली, म्हणजे कॉइलच्या आतच शॉर्ट केला. मग त्या संचाचा स्विच काढला. मोटर फिरत होतीच.

"तो भाग बंद झाला ना?" कुलथ्यांनी विचारलं.

"झाला. हात लावा."

कुलथ्यांनी हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"स्विच काढलाय, तरी तापतोय," सर म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले होते. "दुसरा संच फिरवतोय ना, त्याचं चुंबक याच्या जखमेतून जातंय. बाहेरून वीज तोडली, पण शेजारी आतून पेटवतोय. ही गोष्ट मला मागच्या महिन्यात कळली."

"सर, पुरे," मी म्हटलं.

"थांबा हो, आता तर मजा आहे."

वार्निशचा वास आला. मग धूर. माझी मोटर, माझं तांबं, सातपूरची शेड, सगळं त्या धुरात होतं, आणि हा माणूस पंचपक्वान्नाचं ताट समोर आल्यासारखा वाकून बघत होता. दुसऱ्या संचाला झळ लागण्याआधी त्यांनी मेन स्विच काढला आणि निकाल दिला. "माझी मोटर नापास. तार तुटली तर उत्तम, शॉर्ट झाली तर बेकार. शिवाय वणीत हिला भरून देणारा कुणी नाही. दोन साध्या मोटरी घ्या."

नाना खूष. पण सरांचं संपलं नव्हतं. त्यांनी चहाचा ट्रे उचलला. त्यात दोन भरलेले कप उरले होते.

"हे कप दोन आहेत," ते म्हणाले. "एक सांडला तर दुसरा पिता येईल. बरोबर?" आणि ट्रे तिरपा केला. नानांनी घाईनं ट्रे धरायला हात घातला, आणि दोन्ही कप त्यांच्या पांढऱ्या धोतरावर गेले. "म्हणून ट्रे दोन हवेत," सर म्हणाले. "प्रत्येक मोटरीला स्वतःचं पॅनेल. ट्रान्सफॉर्मरपासून स्वतःची केबल. आणि दोघींच्या मध्ये भिंत. हे करणार नसाल तर एकच मोटर घ्या, निदान आपल्याकडे दोन आहेत असं वाटणार तरी नाही."

निकाल म्हणून कारकुनानं एकच ओळ लिहिली: दोन साध्या मोटरी घ्याव्यात. सरांनी सही केली. मी रागानं धुमसत होतो तरी म्हटलं, "बाकीचंही लिहून घ्या." धंद्यात मी एवढं शिकलेलो आहे.

"एवढ्या सगळ्यांनी ऐकलंय," सर म्हणाले. "एक विसरेल, दोघं विसरतील. सगळे कसे विसरतील?"

बाहेर रस्त्यावर मी त्यांना गाठलं. "तुम्ही मला फसवलंत."

"पास करीन असं कधी म्हटलं होतं?"

"तुम्ही स्वतःचीच मोटर जाळलीत."

"दुसऱ्याची जाळायला परवानगी लागते," ते म्हणाले, आणि माझ्याच स्कूटरवर मागे बसून, घरापर्यंत सोडायला लावून, वाटेत शॉर्ट झालेल्या कॉइलबद्दल बोलत राहिले. पुढे बरेच दिवस मी बोललो नाही. मग ते एक मोटर घेऊन आले, मी दुप्पट भाव सांगितला, ते म्हणाले, "ठीक." अशा माणसाशी भांडण टिकत नाही.

संघानं दोन मोटरी घेतल्या. पॅनेल मात्र एकच बसवलं, ते नानांच्या साडूनं पुरवलं. केबल एकच. भिंत बांधलीच नाही, नुसता खर्च म्हणून. पहिल्या उन्हाळ्यात सगळं नीट चाललं. पुढच्या उन्हाळ्यात पॅनेल जळालं. दोन्ही मोटरी ठणठणीत, नव्यासारख्या, शेजारी शेजारी गप्प उभ्या. दूध नासलं, सगळं ओढ्यात ओतलं. ज्यांचं दूध होतं त्यांना संघानं एक पैसा दिला नाही. नानांनी सभेत सांगितलं, "तज्ज्ञांनी दोन सांगितल्या, आम्ही दोन बसवल्या. आता तज्ज्ञांना विचारा."

विचारायला खरंच एक जण आला. देवराम त्याचं नाव, वणीच्या वरच्या अंगाचा, डोंगराजवळचा. नासलेल्या दुधाची बरणी त्यानं सरांच्या ओट्यावर आणून ठेवली. मी तिथंच होतो.

"सायेब, तुम्हीच म्हनला व्हता ना, दोन मोटरी घ्या म्हून?"

"हो," सर म्हणाले. "मीच म्हटलं."

मी उसळलो. "अर्धंच काय सांगता? पूर्ण सांगा ना त्याला."

सरांनी त्याला ओट्यावर बसवलं, वहिनींना चहा टाकायला सांगितला, आणि पॅनेल, केबल, भिंत, सगळं समजावलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजी बैल दोन, पन जू येकच. आन् जूच मोडलं."

सर ताडकन उभे राहिले. "निकम, ऐकलंत? जू. मला पंधरा वर्षांत हे सुचलं नाही." त्यांना इतका आनंद झाला की देवराम गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

"तुमाला सुचलं नाय ते जाऊ द्या," तो म्हणाला. "माझ्या दुधाचं काय?"

आनंद तिथंच संपला. सर खाली बसले. बरणीचं झाकण त्यांनी उगाच घट्ट लावलं. "त्याचं बघतो," म्हणाले. पुढच्या सभेत ते स्वतःहून गेले. सभासद नसलेल्याला बोलू देत नव्हते, तरी बोलले. मागितलं फक्त एवढंच, की त्या दिवशी टेबलाभोवती जे होते त्यांच्यापैकी कुणीतरी उठून सांगावं, पॅनेल वेगळं म्हटलं होतं की नाही. म्हणजे चूक संघाची ठरेल आणि दुधाचे पैसे लोकांना मिळतील.

कुणी उठलं नाही. कुलथे म्हणाले, "तेव्हा चहा चालू होता, नीट ऐकू आलं नसेल." एका संचालकाला त्या दिवशी आपण होतो की नव्हतो हेच आठवेना. ज्यांच्या धोतरावर तो चहा सांडला ते नाना छताकडे बघत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "असली माणसं तज्ज्ञ म्हणून आणली की..." आणि वाक्य तिथंच सोडलं. मी उठलो आणि सगळं सांगितलं, ट्रे, कप, धोतर, साडू. नाना शांतपणे म्हणाले, "निकमशेठ, तुमची मोटर नापास झाली तेव्हापासून तुम्ही आमच्यावर चिडलेले." लोक हसले. मग मी जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. दोघांनी धरून मला बाहेर काढलं.

सर मागोमाग आले. माझ्या बरोबरीनं चालू लागले.

"चूक माझीच," ते म्हणाले. "इतके साक्षीदार ठेवले, पण सगळे एकाच पॅनेलवर. नानांचा फ्यूज उडाला की सगळे बंद. तुम्ही एकटेच वेगळ्या केबलवर होतात, निकम."

"मग?"

"तुम्ही ओव्हरलोड झालात."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही. थोडं चालल्यावर म्हणाले, "आणि ते अर्धं वाक्य बोलला तो. पूर्ण बोलला असता तर उत्तर दिलं असतं. छुपा फॉल्ट." तेवढंच. त्याविषयी पुन्हा कधी बोलले नाहीत.

संघाची सरांविरुद्ध तक्रार वर गेली. विभागप्रमुख म्हणून सरांचं नाव ठरल्यासारखं होतं, ते मागे पडलं, आणि पाठोपाठ लांब मराठवाड्यात बदली आली. देवरामला पैसे मिळाले नाहीत. त्यानं पुढे दूध घालणं सोडलं.

सर बदलीच्या गावी निघाले त्या सकाळी मी स्टँडवर गेलो. सामान टपावर चढलं होतं. सर आणि वहिनी आत एकाच बाकड्यावर बसलेले.

"एकाच गाडीत?" मी विचारलं.

"रस्ता एकच आहे," वहिनी म्हणाल्या. "समजलं त्यांना आता."

सरांनी मान खिडकीबाहेर काढली. खिशात टेस्टर होता. "ती आपली मोटर," म्हणाले, "भंगारात घातली का?"

"नाही सर. पडलीय कोपऱ्यात."

"घालू नका. तिचा एक संच अजून चांगला आहे."

गाडी हलली. ते आणखी काहीतरी सांगत होते, हातानं मोटरीत गोल गोल काहीतरी दाखवत होते. ऐकू आलं नाही. त्यांना मी पाहिलं ते शेवटचं.

पुढे एका कामानिमित्त मी वणीच्या त्या केंद्रात गेलो. आत दोन मोटरी होत्या. दोन पॅनेलं. ट्रान्सफॉर्मरपासून दोन केबली आलेल्या. आणि मोटरींच्या मध्ये नीट गिलावा केलेली, चुना मारलेली भिंत. मी मुकादमाला विचारलं, ही कुणाची अक्कल. तो म्हणाला, वरून सांगून आलं, असंच पाहिजे म्हणून.

म्हणजे कुणालातरी आठवत होतं. पॅनेल आठवलं, केबल आठवली, भिंतसुद्धा आठवली. एक माणूस आणि डोंगरातल्या एका गड्याचं दूध वाचवायची वेळ होती तेव्हाच तेवढी आठवण बंद पडली. त्या टेबलाभोवती बसलेले बरेच जण अजून नाशकातच आहेत, मी त्यांना बाजारात बघतो. मला सगळे नकोत, सगळ्यांचं काय होतं ते पाहिलंय. एकानं पुढं यावं. भिंत बांधायला कुणी सांगितलं, आणि सभेत तो का उठला नाही, याचं उत्तर द्यावं. मोटर माझ्या दुकानात अजून तशीच आहे.